‘इकिगाई’ : एका जपानी शब्दाचे मराठी वाचन (चिकित्सक अभ्यास)

प्रस्तावना

परभाषेतील शब्द मराठीत वेगवेगळ्या वाटांनी येतात. केवळ जपानी भाषेपुरते पाहिले तरी या वाटांचे वैविध्य ध्यानात येते. आज खेड्यापाड्यांत रुळलेला ‘रिक्षा’ हा शब्द ‘जिनरिकिशा’ या जपानी शब्दातून आलेला आहे. ‘जिन’ म्हणजे माणूस, ‘रिकि’ म्हणजे बळ आणि ‘शा’ म्हणजे वाहन. माणसाने ओढावयाची गाडी हा मूळ अर्थ पुसला गेला आणि तीनचाकी मोटारीला ते नाव कायमचे चिकटले. ‘हायकू’ हा शब्द शिरीष पै यांच्या लेखनामुळे मराठी कवितेत स्थिरावला. ‘त्सुनामी’ हा शब्द २६ डिसेंबर २००४ च्या आपत्तीनंतर वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला, तर ‘कायझेन’ कारखान्यांच्या व्यवस्थापनातून आला. अलीकडे या मालिकेत ‘इकिगाई’ या शब्दाची भर पडली असून तो प्रेरणादायी पुस्तकांच्या वाटेने आलेला आहे.

हेक्तोर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस या दोन लेखकांचे या विषयावरील पुस्तक २०१६ मध्ये स्पॅनिश भाषेत व २०१७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पुढे त्याचा मराठी अनुवादही उपलब्ध झाला. म्हणजे मराठी वाचकाच्या हाती पडलेला हा जपानी शब्द स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन घरांतून वळसा घालून आलेला आहे. व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्याने, करिअर मार्गदर्शनाचे वर्ग आणि उद्बोधनपर कार्यक्रम यांत तो आता सर्रास ऐकू येतो. शब्द लोकप्रिय होणे यात गैर काहीच नाही. परंतु ज्या शब्दाच्या आधारे विद्यार्थ्यांना आयुष्याकडे पाहावयास सांगितले जाते, त्या शब्दाचा मूळ भाषेतील वापर कोणता, त्यामागे कोणता सांस्कृतिक अनुभव आहे आणि आपल्यापर्यंत येताना त्यात कोणता बदल झाला, हे तपासणे अध्यापकवर्गाला टाळता येणार नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ‘इकिगाई’ हा जपानी माणसाच्या नित्य बोलण्यातला साधा शब्द आहे. मराठीत मात्र तो यशाचे सूत्र म्हणून वाचला जात आहे. या वाचनात शब्दाचा गाभाच हरवतो. तो परत मिळवावयाचा तर मिएको कामिया यांच्या १९६६ मधील ग्रंथाकडे आणि त्याच काळात विदर्भाच्या मातीत उभ्या राहिलेल्या एका प्रयोगाकडे एकत्र पाहावे लागेल.

शब्दाची घडण आणि नित्याचा वापर

‘इकि’ हा अंश ‘जगणे’ या अर्थाच्या जपानी क्रियापदापासून आलेला आहे. दुसरा अंश ‘काइ’ असा आहे. समासात उत्तरपदाच्या आरंभीचे कठोर व्यंजन मृदू होण्याची जपानी भाषेची रीत असल्याने ‘काइ’चे ‘गाइ’ होते. संस्कृत संधिनियमांशी परिचित असलेल्या मराठी वाचकास ही प्रक्रिया समजण्यास अडचण पडू नये. ‘काइ’ या शब्दाचा संबंध मौल्यवान शिंपल्याशी लावणारी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती बाजूला ठेवली तरी शब्दाचा चालू अर्थ स्पष्ट आहे. केलेल्या श्रमाला आलेले फळ, घेतलेल्या कष्टाचे मोल म्हणजे ‘काइ’. प्रयत्न वाया गेले असता ‘काइ गा नाइ’, म्हणजे ‘काइ नाही’, असे जपानी माणूस म्हणतो.

हा अंश जपानीत एकटा राहत नाही; तो अनेक क्रियापदांना लागतो. ‘यारिगाइ’ म्हणजे एखादे काम करण्यातले मोल. ‘हाताराकिगाइ’ म्हणजे नोकरीत वा मजुरीत राबण्याचे मोल. अध्यापकांस विशेष जवळचा वाटावा असा शब्द ‘ओशिएगाइ’ हा आहे. शिकवलेले ज्याच्या ठायी रुजते, ज्याला शिकवून शिक्षकाला समाधान लाभते, अशा विद्यार्थ्याबद्दल बोलताना तो वापरला जातो. या कुटुंबात ‘इकिगाइ’ बसतो. जगण्याला मोल आहे असे ज्यामुळे वाटते ते, आणि तसे वाटणे, हे दोन्ही अर्थ त्यात आहेत.

रोजच्या बोलण्यात हा शब्द भव्य गोष्टींसाठीच राखून ठेवलेला नसतो. एखादी आजी नातवंड हेच आपले इकिगाइ आहे असे सहज म्हणते. कोणाचे इकिगाइ परसातली बाग असते, कोणाचे गायनाचा वर्ग, कोणाचे आठवड्यातून एकदा होणारी मित्रमंडळींची भेट. यांतील एकाही गोष्टीत उत्पन्नाचा प्रश्न येत नाही. वृद्धांच्या कल्याणासाठी जपानने १९६३ साली केलेल्या कायद्यातही पुढे हा शब्द समाविष्ट झाला आणि इकिगाइ लाभेल असे जीवन वृद्धांना मिळावे, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली. म्हणजे हा शब्द एकीकडे घरगुती आहे आणि दुसरीकडे समाजाच्या कर्तव्याशी जोडलेला आहे.

हा शब्द सर्वांच्या किती परिचयाचा आहे याचा पुरावा एका आरोग्यविषयक अभ्यासातही सापडतो. जपानच्या ओसाकी भागातील ४० ते ७९ वयोगटातील ४३,३९१ व्यक्तींचा सात वर्षे पाठपुरावा करणाऱ्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तुमच्या आयुष्यात इकिगाइ आहे का, एवढाच प्रश्न विचारला होता. सुमारे ५९ टक्के व्यक्तींनी होकार दिला, ३६.४ टक्के साशंक होत्या आणि ४.६ टक्के व्यक्तींनी नकार दिला. नकार देणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे दीडपट आढळले. हा आकडा व्याख्यानांतून आवर्जून सांगितला जातो. त्याच अभ्यासातील दुसरी नोंद मात्र सहसा सांगितली जात नाही. इकिगाइ नाही असे म्हणणाऱ्यांत बेरोजगार, अविवाहित, कमी शिकलेल्या, प्रकृती चांगली नसलेल्या आणि शारीरिक वेदना सोसणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण अधिक होते. जगण्याचे मोल वाटणे ही केवळ मनाच्या निश्चयाची गोष्ट नसून तिला परिस्थितीचा आधार लागतो, हे या नोंदीवरून दिसते.

मराठी पर्यायांचा विचार

या शब्दासाठी ‘जीवनाचा उद्देश’, ‘जीवनध्येय’ किंवा ‘जगण्याचे कारण’ असे पर्याय सुचवले जातात. हे पर्याय मूळ जपानीवरून घेतलेले नसून मधल्या भाषांतील स्पष्टीकरणांवरून बेतलेले आहेत. ‘ध्येय’ म्हटले की ते दूर असते, गाठावयाचे असते. गाठले नाही तर माणूस अपयशी ठरतो. ‘काइ’ मात्र हाती असलेल्या कामातच मिळणारे मोल सुचवतो.

मराठीजवळ यापेक्षा जवळचे शब्द आहेत. ‘कष्टांचे चीज झाले’ या वाक्प्रयोगातील ‘चीज’ हा शब्द फारसीतून आला असला तरी मराठीने त्याला स्वतःचा अर्थ दिला आहे. मुलगा शिकून नोकरीला लागला की आईबापाच्या कष्टांचे चीज होते. विद्यार्थी नाव काढतो तेव्हा गुरुजींच्या शिकवण्याचे चीज होते. जपानी ‘काइ’ आणि मराठी ‘चीज’ यांच्यात असलेले साम्य विलक्षण आहे. दोन्ही शब्द श्रमांशी जोडलेले आहेत, दोन्ही मोजमापाच्या पलीकडले आहेत आणि दोन्ही बहुधा दुसऱ्या माणसाच्या संदर्भात पूर्ण होतात. त्याच कुळातील ‘सार्थक’ हा शब्द जन्माशी जोडून येतो, तर ‘कृतार्थ’ हा शब्द अधिक प्रौढ व गंभीर प्रसंगी येतो.

तथापि एक भेद लक्षात घ्यावयास हवा. चीज आणि सार्थक हे शब्द प्रायः मागे वळून पाहताना वापरले जातात. काम संपल्यावर, कित्येकदा आयुष्य उतरणीला लागल्यावर, सार्थक झाले असे म्हटले जाते. इकिगाइ मात्र चालू क्षणी अनुभवास येते. ही बाजू मराठीत ‘जीव’ या शब्दाच्या वाक्प्रयोगांनी सांभाळली आहे. जीव रमणे, जीव लागणे, जीव गुंतणे ही सारी चालू अवस्थेची वर्णने आहेत. ‘नातवात जीव गुंतला आहे’ असे म्हणणारी मराठी आजी आणि नातवाला आपले इकिगाइ म्हणणारी जपानी आजी एकच गोष्ट बोलत असतात. फरक इतकाच की, जपानीत एका शब्दात जे येते ते मराठीत ‘चीज’ आणि ‘जीव रमणे’ या दोहोंत विभागलेले आहे. तेव्हा हा शब्द शिकणे म्हणजे आपल्याकडे नसलेली वस्तू आयात करणे नव्हे. आपल्याच भाषेतील दोन अनुभवांमधला धागा दिसू लागणे होय.

चार वर्तुळांची आकृती

इकिगाई म्हटले की आज डोळ्यांपुढे एक आकृती उभी राहते. एकमेकांना छेदणारी चार वर्तुळे असतात. आपल्याला काय आवडते, आपण कशात निपुण आहोत, जगाला कशाची गरज आहे आणि आपल्याला कशाचे पैसे मिळतील, ही ती चार वर्तुळे. चारही जेथे एकत्र येतात तो मधला भाग म्हणजे इकिगाई, असे सांगितले जाते.

ही आकृती जपानी नाही. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने तयार केलेल्या मूळ आकृतीच्या मध्यभागी ‘प्रयोजन’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द होता. डॅन ब्यूटनर या अमेरिकन लेखकाने २००९ मध्ये दीर्घायुषी लोकांविषयी दिलेल्या व्याख्यानात ओकिनावातील इकिगाइचा उल्लेख केला होता. या दोन गोष्टी मार्क विन या ब्रिटिश लेखकाने २०१४ मध्ये एकत्र केल्या आणि मधला शब्द बदलून तेथे ‘इकिगाई’ लिहिले. गार्सिया व मिरालेस यांनी विन यांचा निर्देश करून ही आकृती आपल्या पुस्तकात घेतली. वाचकांच्या ध्यानात मात्र तो निर्देश राहिला नाही. शेकडो वर्षांचे जपानी शहाणपण म्हणून जी आकृती फळ्यावर काढली जाते, तिचे वय एका शाळकरी मुलाइतके आहे.

केवळ उगम परका आहे म्हणून आकृती टाकाऊ ठरत नाही. व्यवसाय निवडताना हे चार प्रश्न विचारणे उपयुक्तही ठरू शकते. आक्षेप आहे तो चौथ्या वर्तुळाला इकिगाइची अट बनवण्यावर. मोबदला ही अट मानली तर नातवंडात रमलेली आजी बाद होते, भजनी मंडळात पखवाज वाजवणारा बाद होतो, तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात जीव ओतून शिकवणारा अध्यापकही जवळजवळ बादच होतो. चारही वर्तुळे जुळण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. जो शब्द सर्वांचा होता तो या आकृतीने मूठभरांचा केला.

गार्सिया व मिरालेस यांच्या पुस्तकाचे गुणही नोंदवले पाहिजेत. ओकिनावातील ओगिमी या गावी जाऊन त्यांनी वृद्धांशी संवाद साधला. बागकाम, शेजारधर्म, मित ​आहार आणि सतत कार्यरत राहणे यांचे त्यांनी केलेले वर्णन वाचनीय आहे. व्हिक्टर फ्रँकल यांची अर्थोपचार पद्धती आणि शोमा मोरिता यांची जपानी मानसोपचार पद्धती यांचा परिचयही ते करून देतात. परंतु पुस्तकाची मांडणी दीर्घायुष्याच्या रहस्याभोवती फिरते. ओकिनावात १९४५ साली झालेल्या भीषण युद्धाची, त्यात गेलेल्या माणसांची आणि त्यातून वाचलेल्यांनी पुन्हा उभारलेल्या गावांची छाया त्या प्रसन्न चित्रावर पुरेशी पडत नाही. ज्यांनी एवढे गमावले त्यांना जगण्याचे मोल कसे वाटत राहिले, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर दहा नियमांत सापडणारे नाही.

मिएको कामिया यांचा विचार

हा प्रश्न ज्यांनी गांभीर्याने विचारला त्या मिएको कामिया (१९१४-१९७९) यांचे नाव मराठी चर्चेत क्वचितच येते. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, भाषांच्या अभ्यासक होत्या आणि मार्कस ऑरेलियसच्या चिंतनाचा त्यांनी जपानीत अनुवाद केला होता. तरुणपणी, १९३३ च्या सुमारास, कुष्ठरुग्णालयाला दिलेल्या भेटीने त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. १९५७ पासून त्यांनी ओकायामा प्रांतातील नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात संशोधन व उपचारांचे काम केले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘इकिगाइविषयी’ या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ या अनुभवातून सिद्ध झालेला आहे.

नागाशिमाचे रुग्णालय १९३० साली स्थापन झाले. कायद्याच्या बळावर रुग्णांना घरापासून तोडून तेथे ठेवले जात असे. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल १९८८ मध्ये झाला. महायुद्धानंतर परिणामकारक औषध उपलब्ध होऊनही सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९९६ पर्यंत टिकला आणि २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने शासनाला दोषी ठरवले. अशा ठिकाणी कामिया यांच्यापुढे एक कोडे उभे राहिले. सारख्याच परिस्थितीत राहणाऱ्या रुग्णांपैकी काहींना जगणे पूर्णतः रिकामे वाटते, तर काहींच्या जगण्यात भरलेपण दिसते. आजाराची तीव्रता हे त्याचे उत्तर नव्हते.

या कोड्याचा शोध घेताना कामिया यांनी इकिगाइ, म्हणजे जगण्याला मोल देणारी गोष्ट, आणि इकिगाइची भावना यांत भेद केला. माणसाच्या ज्या गरजांतून ही भावना उभी राहते त्यांचीही त्यांनी चर्चा केली. जगण्याचा भरलेपणा, बदल व वाढ, पुढे काही आहे ही जाणीव, दुसऱ्याकडून मिळणारा प्रतिसाद, स्वातंत्र्य, आत्मविकास आणि अर्थ व मूल्य यांची गरज, अशा सात गरजा त्या सांगतात. या यादीत मोबदल्याला स्थान नाही, ही गोष्ट चार वर्तुळांच्या संदर्भात बोलकी आहे. ग्रंथाचा मोठा भाग इकिगाइ हरवलेल्या माणसांविषयी आहे. घर, नाव, नाते, भविष्य हे सारे गेल्यावर माणूस नव्याने कशाला धरून उभा राहतो, याचा तो अभ्यास आहे. म्हणून या ग्रंथाला यशाचे मार्गदर्शन म्हणून वाचताच येत नाही.

कामिया यांच्या विचारावरही जपानमध्ये आक्षेप घेतला गेला. रुग्णांच्या अंतर्मनाचा त्यांनी सखोल वेध घेतला, पण त्यांना कोंडणाऱ्या धोरणाविरुद्ध पुरेसा आवाज उठवला नाही, असे पुढील काळातील टीकाकारांचे म्हणणे होते. हा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. जगण्याचे मोल रुग्णाने स्वतःच्या मनात शोधावे आणि कुंपण मात्र तसेच राहावे, हा धोका इकिगाइच्या प्रत्येक चर्चेत दडलेला असतो.

आनंदवनाचा शेजार

कामिया यांच्या जन्मवर्षीच, १९१४ मध्ये, विदर्भात मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म झाला. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन व्यक्तींनी दोन देशांत एकाच आजाराच्या माणसांसोबत काम केले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोरा येथे महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. विदर्भात या कार्याची भूमिका आधीपासून तयार होत होती, अमरावतीचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन हे तिचे महत्त्वाचे उदाहरण होय.

नागाशिमा आणि आनंदवन यांची तुलना उद्बोधक ठरते. नागाशिमा ही शासनाने विलगीकरणासाठी वसवलेली जागा होती. आनंदवनात खडकाळ, झुडपी जमीन रुग्णांनी स्वतः फोडली, विहीर खणली, धान्य पिकवले. रुग्णांनी पिकवलेली भाजी बाजारात घ्यावयास प्रारंभी कोणी तयार नव्हते. पुढे हा विरोध मावळला. कामिया ज्याला प्रतिसादाची गरज म्हणतात ती येथे बाजारातील भाजीच्या टोपलीच्या रूपाने दिसते. आपण पिकवलेले दुसऱ्याने खाल्ले, म्हणजे आपल्याला माणसांत घेतले. साधनाताई आमटे यांच्या ‘समिधा’ या आत्मकथनातून या उभारणीची घरगुती, रोजच्या कामांची बाजू समजते. पुढे आनंदवनात महाविद्यालय निघाले आणि ज्या वस्तीला लोक टाळत होते तेथे परिसरातील मुले शिकावयास येऊ लागली. समाजाने जेथे कुंपण घातले होते तेथे समाजालाच बोलावून घेण्याची ही रीत होती.

दान घेणारा माणूस लाचार होतो आणि काम करणारा उभा राहतो, ही बाबांच्या कार्यामागची धारणा होती. जपानी ‘काइ’मध्ये श्रमांचे जे मोल सूचित होते तेच येथे प्रत्यक्षात उतरले. मात्र बाबांनी मोलाचा शोध रुग्णाच्या मनापुरता ठेवला नाही. त्यासाठी जमीन, अवजारे, शाळा आणि बाजार यांची जोड दिली. कामिया यांच्या ग्रंथावर जो आक्षेप आहे त्याचे कृतिरूप उत्तर आनंदवनात मिळते. उलट, आनंदवनातील माणसांच्या मनात काय घडले असेल हे समजण्यासाठी कामिया यांची चिकित्सा उपयोगी पडते. हे दोन प्रयत्न एकमेकांना पूरक आहेत.

या दोन स्थळांना जोडणारा एक धागा मराठी साहित्यातूनही जातो. आनंदवनाशी आयुष्यभर स्नेह ठेवणारे पु. ल. देशपांडे यांनी ‘पूर्वरंग’मध्ये जपानचे दर्शन घडवले. ओकायामा येथील प्रसिद्ध कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर पुण्यात उभारलेल्या उद्यानाला त्यांचेच नाव दिलेले आहे. ज्या प्रांतातले उद्यान मराठी माणसाने हौसेने पाहिले, त्याच प्रांतातील नागाशिमा बेट मात्र त्याच्या वाचनात आलेले नाही. विदर्भाचा जपानशी संबंध तसा नवा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ मध्ये तेथील धर्म व शांतिविषयक परिषदेस गेले होते. तरीही विदर्भाला सर्वांत जवळचा ठरावा असा हा जपानी ग्रंथ येथे पोहोचला नाही आणि त्याऐवजी चार वर्तुळे पोहोचली.

वाशिम जिल्ह्याचा संदर्भ

ही चर्चा शब्दकोशापुरती मर्यादित नाही, हे वाशिमसारख्या जिल्ह्यात विशेष जाणवते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा मुख्यतः कोरडवाहू शेतीवर जगतो. सोयाबीन, तूर आणि कापूस ही येथील पिके पावसावर आणि बाजारभावावर अवलंबून आहेत. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विशेष मदत जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत वाशिमचा समावेश होता. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या केंद्रीय कार्यक्रमातही त्याची निवड झाली.

अशा जिल्ह्यातील महाविद्यालयात चार वर्तुळांची आकृती काढली असता काय घडते, याचा विचार करावा. वर्गातील विद्यार्थ्याचे वडील शेती करतात. त्यांचे शेतीवर प्रेम आहे, पिढ्यांचे कसब त्यांच्या हातात आहे, त्यांच्या धान्याची गरज तर साऱ्या जगाला आहे. तीन वर्तुळे पूर्ण भरतात. चौथे मात्र भाव पडला की रिकामे होते. आकृतीच्या हिशेबाने या माणसाला इकिगाई नाही. मुलगा या हिशेबातून एवढेच शिकतो की वडिलांचे जगणे चुकले. वास्तविक चुकले आहे ते कष्टांचे चीज होऊ न देणारे बाजाराचे व सिंचनाचे गणित. शब्दाच्या चुकीच्या वाचनाने व्यवस्थेचे अपयश माणसाच्या पदरी टाकले जाते. जगण्याचे बळ कमी पडले म्हणून माणूस खचला, असे सोपे निदान करण्याची वाट त्यातून मोकळी होते.

ओसाकी येथील अभ्यास आणि कामिया यांचा ग्रंथ यांच्या प्रकाशात पाहिले तर हेच उदाहरण वेगळे दिसते. बियाण्याची निवड करताना, पेरणी साधल्यावर, शेजाऱ्याच्या मळणीला हात लावताना शेतकऱ्याला जगण्याचे मोल जाणवत असते. ते टिकावे यासाठी प्रतिसाद हवा, पुढे काही आहे ही जाणीव हवी, म्हणजेच पाणी, पत आणि रास्त भाव हवा. इकिगाइ हा शब्द तेव्हा उपदेशाचा न राहता मागणीचा शब्द होतो. वृद्धांविषयीच्या जपानी कायद्यात त्याला स्थान मिळाले ते याच अर्थाने.

अध्यापकासमोरही येथे एक जबाबदारी येते. ‘ओशिएगाइ’ हा शब्द त्याला सांगतो की, शिकवण्याचे मोल विद्यार्थ्याच्या प्रतिसादात आहे. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत वर्गात न दिसणारा विद्यार्थी शिक्षणाबद्दल उदासीन आहे असे मानावयाचे, की त्याच्या घरच्या श्रमांची जाणीव ठेवून त्याला पुन्हा वर्गात घ्यावयाचे, यावर त्या प्रतिसादाचे भवितव्य ठरते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, मराठीत प्रचलित झालेला ‘इकिगाई’ हा शब्द मधल्या भाषांतून आलेला असून चार वर्तुळांची आकृती ही जपानी परंपरेचा भाग नाही. दुसरा, ‘काइ’ या अंशाचा अर्थ मराठीतील ‘चीज’ या शब्दाशी निकटचा आहे आणि चालू क्षणीचा अनुभव ‘जीव रमणे’ यासारख्या प्रयोगांतून व्यक्त होतो. म्हणून ‘ध्येय’ वा ‘उद्देश’ हे पर्याय अपुरे ठरतात. तिसरा, या शब्दाचा सर्वांत गंभीर विचार सर्वस्व हरवलेल्या माणसांच्या संदर्भात झालेला आहे आणि त्याचे समांतर, काही बाबतीत अधिक पुढे गेलेले रूप आनंदवनात दिसते. चौथा, परिस्थितीपासून तोडून हा शब्द शिकवला तर तो दुबळ्याच्या माथी दोष मारतो.

यावरून काही अपेक्षा व्यक्त करता येतात. कामिया यांचा ग्रंथ मूळ जपानीतून मराठीत यावा. महाराष्ट्रात जपानी भाषेचे शिक्षण अनेक वर्षे चालू असल्याने हे काम अशक्य नाही. तोवर वर्गात हा शब्द उच्चारताना त्याच्या शेजारी ‘समिधा’ ठेवता येईल आणि विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरात कोणाच्या कष्टांचे चीज झाले व कोणाच्या झाले नाही, हे लिहावयास सांगता येईल. परका शब्द शिकल्याचा उपयोग आपल्या माणसांकडे अधिक नीट पाहता येण्यात असतो. इकिगाइच्या बाबतीत तो उपयोग करून घेणे अद्याप शिल्लक आहे.